कोणता पाय ते कळव

पोलादपूर
९ जुलै १९५७

विनू,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. यापुढे मला लिहू नकोस, असं तू त्यात म्हटलं आहेस. तरी लिहिते आहे. वाचायचं नसेल तर अवधूतरावांकडे दे. त्यात काही गोष्टी मैनाचे वडील म्हणून त्यांच्या कामाच्या आहेत.

पोलिओनं मैनाचा पाय गेला, हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग दवाखान्यात गेले, कारण नऊ वाजले होते.

तू लिहितेस, तुझ्या त्या नदीनं माझी पोर खाल्ली. मे महिन्यात तुम्ही दोघी सुट्टीला माझ्याकडे आलात तेव्हा मी मैनाला सावित्रीच्या डोहावर नेत होते, हे खरं. सात-आठ वेळा तरी नेलं. पाणी आटलं होतं, कडेला शेवाळ धरलं होतं. वरच्या अंगाला गुरं धुतात आणि सकाळी माणसंही बसतात, हे मला ठाऊक होतं. तू म्हणालीस, "अक्का, हे पाणी तोंडात गेलं तर?" मी म्हणाले, "आपण दोघी याच पाण्यात पोहायला शिकलो, काही झालं का?" हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. म्हणून मी लिहिते.

ताप २८ तारखेला आला. एकशे तीन होता, घसा लाल होता. आमचे डॉक्टर गंगाधरराव साक्षीसाठी अलिबागला गेले होते. जे करायचं ते मी वेळच्या वेळी केलं. तीन दिवसांत ताप उतरला. एक जूनला तुम्ही मुंबईला निघालात. एसटीच्या थांब्यावर मैना चालेना, उचलून घे म्हणून हात वर करून उभी राहिली. तू म्हणालीस, तापातून उठलीय, दमली असेल. मीही तेच म्हणाले. खाली बसून तिचे पाय हातात घेऊन बघायला हवे होते. गाडी सुटायची वेळ झाली होती.

आता कामाचं. मालिश कोणालाही करू देऊ नका, कितीही जाणता असला तरी. तेल नको, लेप नको. लोकरीचं कांबळं उकळत्या पाण्यात घालून घट्ट पिळा आणि त्याचे शेक द्या, दिवसातून चार वेळा. झोपताना पावलाला फळीचा आधार द्या, म्हणजे ते खाली लोंबून तसंच आखडणार नाही. मांडी, पोटरी आणि पाऊल, यातलं काय काय हलतं ते रोज बघून लिहून ठेवा.

आणि कोणता पाय, ते तू लिहिलेलं नाहीस. व्यायाम सांगायला मला लागेल. कळव.

अक्का


पोलादपूर
२ सप्टेंबर १९५७

विनू,

अवधूतरावांचं कार्ड आलं. मैनाला इस्पितळातून घरी आणलं आहे, श्वासाला धोका नाही, हात चांगले आहेत, पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट करायला दिला आहे, एवढं कळलं. कोणता पाय ते त्यांनीही लिहिलेलं नाही. पुरुषमाणसं "पाय" एवढंच लिहितात.

तुझी तब्येत कशी आहे, हे मी त्यांना विचारलं होतं. त्याचं उत्तर नव्हतं.

इथे पाऊस अजून आहे. दवाखान्याला गर्दी आहे. हल्ली कोणालाच पुडी नको असते, बाटलीतलं औषधही नको. सगळ्यांना सुई हवी. सुई दिली नाही तर डॉक्टरनं काही केलंच नाही, असं म्हणतात. मी दिवसाला तीस-पस्तीस देते. संध्याकाळी अंगठा दुखतो.

मैनाला ताप आला तेव्हा शेजारच्या बयाबाईंनी दृष्ट काढायला सांगितली होती आणि मी त्यांना हसले होते. त्या आता रोज विचारतात, भाचीचं कसं आहे. मी सांगते, बरं आहे.

अक्का


पोलादपूर
२१ मार्च १९५८

विनू,

काल महाडला चवदार तळ्यावर माणसं जमली होती. आज सकाळपासून परतीच्या गाड्या भरून जाताहेत. दवाखान्यात कोणी नाही, म्हणून लिहायला बसले.

गंगाधररावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आहे. बारीक अक्षर त्यांना आता दिसत नाही. त्यांचे एक स्नेही मुंबईहून विलायती वैद्यकीय मासिकांचे जुने अंक पाठवतात. ते सुतळीनं बांधलेले गठ्ठे कपाटावर तसेच पडून होते. या महिन्यात त्यांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. माझं इंग्रजी तुला माहीत आहे, अडखळत वाचते. अडलं की ते अर्थ सांगतात.

मंगळवारी एक लेख निघाला. पोलिओवरचा होता. मी म्हणाले, हा वाचू का? ते म्हणाले, वाच.

त्यात लिहिलं आहे की पोलिओची साथ असते तेव्हा पुष्कळ मुलांच्या अंगात तो जंतू असतो. बहुतेकांना साधा ताप येतो आणि जातो, कोणाला कळतही नाही. पण त्याच दिवसांत जर मुलाला सुई टोचली, मग ती कसलीही असो, तर ज्या हाताला किंवा पायाला टोचली नेमका तोच लुळा पडण्याचा संभव वाढतो. लंडनच्या आणि ऑस्ट्रेलियाच्या डॉक्टरांनी शेकडो मुलांची टिपणं काढून, कोणत्या अंगाला सुई आणि कोणतं अंग गेलं, याचं कोष्टक केलं आहे. साथीच्या दिवसांत मुलांना गरजेशिवाय टोचू नये, असं शेवटी म्हटलं आहे.

मी थांबले. डॉक्टर म्हणाले, "पुढचं पान."

पुढच्या पानावर पित्ताच्या खड्यांचा लेख होता. तो मी पूर्ण वाचला.

अंक १९५० सालचा आहे. कित्येक वर्षं तो कपाटावर होता. मी रोज त्या कपाटाखाली सिरिंजा पुसत होते.

काल मी नाते गावाला गेले होते. तिथे एका घरी सहा वर्षांचं एक पोर आहे, त्याचा उजवा पाय काडीसारखा आहे. तीन वर्षांपूर्वी तापात त्याला आमच्याकडे आणलं होतं, हे मला आठवत होतं. त्याच्या आईला विचारलं, "तेव्हा सुई कोणत्या बाजूला दिली होती?" ती म्हणाली, "आठवत नाय गो बाय. आता आठवून काय करायचं हाय? देवीचा कोप व्हता तो." तिनं मला चहा दिला. मी प्याले.

विनू, मैनाचा कोणता पाय ते कळव. नऊ महिन्यांत कोणीच मला ते सांगितलेलं नाही. एका कार्डावर एकच शब्द लिहिलास तरी चालेल.

अक्का


पोलादपूर
१४ एप्रिल १९५८

विनू,

अवधूतरावांनी कळवलं. डावा.

आता मी जे लिहिणार आहे ते तू शेवटपर्यंत वाच, एवढंच मागते.

मैनाला मी पेनिसिलिनच्या तीन सुया दिल्या. अठ्ठावीस, एकोणतीस आणि तीस मे. तिन्ही डाव्या बाजूला, कमरेखाली. ती तुझ्या मांडीवर उजव्या कुशीवर पडायची, तुझ्या पोटात तोंड खुपसून, त्यामुळे डावी बाजू वर असायची. एक दिवस या बाजूला आणि एक दिवस त्या बाजूला द्यावी, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी तिला वळवलं नाही. निपचित पडली आहे, कशाला हलवायचं, असा विचार केला.

पहिल्या दिवशी तू म्हणालीस, "अक्का, डॉक्टर परवा येणार आहेत ना? तोवर थांबू या का? नुसता तापच तर आहे." स्टोव्हवर सिरिंज उकळत होती. मी म्हणाले, "अगं, अकरा वर्षं सुया देतेय मी." तू गप्प बसलीस. लहानपणापासून मी मोठ्या आवाजात बोलले की तू गप्प बसतेस.

डॉक्टर अलिबागहून आले तेव्हा त्यांनी विचारलं, "सुया कोणी सांगितल्या?" मी सांगितलं, मुलीच्या आईनं फार आग्रह धरला. ते "बरं" म्हणाले. तू आग्रह धरला नव्हतास. हे खोटं मी तेव्हा का बोलले ते मला माहीत नाही, कारण तेव्हा काही बिघडलेलंच नव्हतं. गेल्या आठवड्यात मी त्यांना खरं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

मग म्हणाले, "अनुपमाबाई, नक्की असं कोणीच सांगू शकणार नाही. सुई दिली नसती तरी पाय गेला असता, असंही होऊ शकतं. एका मुलाच्या बाबतीत कोष्टक काही सांगत नाही." हे मी तुला सांगते कारण ते खरं आहे. मी त्याच्या आड लपत नाही.

जंतू बहुधा डोहातल्या पाण्यातून आला. तिथेही मीच नेलं होतं. सुईनं त्याला पायाची वाट दाखवली. म्हणजे दोन्हीकडून माझ्यापाशीच येतं.

तुला हे न सांगता राहता आलं असतं. तू नदीला दोष देत होतीस, आणि नदीला त्याचं काही वाटलं नसतं. सांगून तुझं काय भलं होणार, तेही मला दिसत नाही. पण तुला मनात कुठेतरी वाटत असेल की तू त्या दिवशी थांबू या म्हणालीस आणि मग ते धरून ठेवलं नाहीस. तू बरोबर होतीस. मी चूक होते. हे तुझ्याकडे लेखी असावं.

रडू आलं का, असं कोणी विचारलं तर नाही आलं. जेवण नेहमीसारखं जातं. झोपही लागते. मलाच ते विचित्र वाटतं.

अक्का


पोलादपूर
३० जुलै १९५९

विनू,

पंधरा महिने झाले. तुझ्याकडून काही आलेलं नाही, आणि येईल असं धरून मी लिहीत नाही. अवधूतराव दिवाळीला आणि पाडव्याला कार्ड टाकतात. मैना शाळेत जाऊ लागली, पट्ट्यांचा बूट दोनदा बदलला, हे त्यातून कळलं.

गेल्या वर्षीपासून मी तापाच्या मुलांना सुई देत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. डॉक्टरांना मी तसं सांगितलं आणि त्यांनी हरकत घेतली नाही. लोकांनी घेतली. पुष्कळ जण आता आमच्याकडे येत नाहीत. एक माणूस सायकलवरून गावोगाव हिंडतो. त्याच्या पिशवीत एकच सुई असते, ती तो कोमट पाण्यात बुडवून सगळ्यांना देतो. त्याच्याकडे जातात.

या महिन्यात जे झालं ते तुला लिहायचं आहे.

आंबेनळीच्या चढावरच्या वाडीतला भागोजी म्हणून एक शेतकरी आहे. तो आणि त्याची बायको साळूबाई पोरीला घेऊन आले. पोर तीन वर्षांची, तुळजा नावाची. घोंगडीत गुंडाळून पावसातून चार कोस खाली आणली होती. अंग चटके देत होतं.

भागोजी म्हणाला, "बाय, सुई मार पोरीला."

मी म्हणाले, "सुई नाही द्यायची. औषध देते, कपाळावर पाण्याची घडी ठेवा."

"पुडीनं काय व्हनार नाय. दोन दिस झाले, दूध घेत नाय ती."

"या दिवसात तापाच्या मुलाला सुई चांगली नाही, भागोजी."

"दोन सालामागं माझ्या थोरल्याला तूच दिलीस की. त्याला चांगली, आन् हिला वाईट?"

साळूबाईनं घोंगडी बाजूला केली. ती म्हणाली, "आमची पोर तुला पोर दिसत नाय व्हय गो?"

मला ती पोर दिसत होती. नाकपुड्या फुलत होत्या, श्वासागणिक बरगड्यांखाली खळगा पडत होता. हे कशाचं लक्षण आहे ते पहिल्या वर्षाची नर्सही सांगेल. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला ते कळत नव्हतं. मी तिच्या मांडीकडे बघत होते. डावी की उजवी, एवढंच माझ्या डोक्यात चाललं होतं.

आतून गंगाधरराव आले. त्यांना आता माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, पण कान शाबूत आहेत. नळी लावली, पुढून ऐकलं, पाठीकडून ऐकलं. म्हणाले, "न्यूमोनिया आहे. पेनिसिलिन भरा."

मी म्हणाले, "मी देणार नाही."

"मी देईन. तुम्ही भरून द्या. मला सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत."

मी भरून दिली. त्यांनी हातानं चाचपून जागा शोधली आणि दिली. पाच दिवस भागोजी आणि साळूबाई ओसरीवर राहिले. रोज मी भरली आणि त्यांनी दिली. चौथ्या दिवशी पोरीनं पेज मागितली. पाचव्या दिवशी पहिला घास तिनं स्वतः उचलला. मी तिचे दोन्ही पाय गुदगुल्या करून पाहिले. पुढचे दोन आठवडे दर दोन दिवसांनी वाडीवर जाऊन पाहिले. दोन्ही हलतात. साळूबाईला वाटतं, बाईला पोरीचा लळा लागला.

मी अर्धा तास आणखी अडून बसले असते आणि डॉक्टर बाहेर गेलेले असते, तर ती पोर गेली असती. यात काही शंका नाही. याला कोष्टक लागत नाही.

ते गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "अनुपमाबाई, तेव्हा तुम्ही विचार न करता सुई दिलीत. आता विचार न करता नाकारता आहात. दोन्ही एकच."

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा बघून द्यायला लागले. ज्याला गरज आहे त्याला देते, ज्याला नाही त्याला देत नाही. प्रत्येक वेळी डॉक्टरांना ऐकायला लावते.

अक्का


पोलादपूर
११ डिसेंबर १९६०

विनू,

तुला जूनमध्ये दुसरी मुलगी झाली हे मला अवधूतरावांनी दिवाळीत कळवलं. कुंदा नाव ठेवलंत. माझे आशीर्वाद तुला नको असतील, म्हणून लिहीत नाही.

परवा त्यांचं मोठं पत्र आलं. त्यांनी ते तुला न सांगता लिहिलं आहे. तुला राग येईल, पण मला उत्तर तुलाच द्यायचं आहे.

ते लिहितात की तू कुंदाला सुईच्या जवळ जाऊ देत नाहीस. देवी टोचायला आलेल्या माणसाला तू दारातून परत पाठवलंस. तुमच्या डॉक्टरांकडे पोलिओची लस आली आहे, परदेशाहून थोडी थोडी येते आणि ज्यांना सांगून ठेवलं आहे त्यांनाच मिळते. अवधूतरावांनी नाव घातलं. तू ते काढायला लावलंस. का, असं विचारल्यावर तू आतून माझं एप्रिल अठ्ठावनचं पत्र आणून त्यांच्यापुढे ठेवलंस. त्यांनी ते तोवर वाचलेलं नव्हतं.

म्हणजे तू ते वाचलंस. ठेवलंस.

आणि त्या पत्रामुळे आता दुसऱ्या मुलीला लस मिळत नाही.

मी काल दिवसभर हेच घेऊन बसले होते. जे सांगितलं ते खोटं म्हणता येत नाही. ते खरंच आहे. पण मी अर्धंच सांगितलं. उरलेलं आता सांगते, साधं करून.

लस म्हणजे औषध नाही. तिच्यात पोलिओचाच जंतू असतो, मारून टाकलेला. मेलेला जंतू अंगात गेला की शरीर त्याला ओळखून ठेवतं. पुढे जिवंत आला तर त्याला आतच अडवतं, मज्जारज्जूपर्यंत पोचू देत नाही. तिकडे अमेरिकेत लाखो मुलांना देऊन पाहिली आहे. सुरुवातीला एका ठिकाणी लस तयार करताना चूक झाली, जंतू पुरता मेला नव्हता, आणि काही मुलं लुळी झाली. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. त्यानंतर तपासणी कडक झाली. जिथे जिथे मुलांना लस दिली तिथे हा रोग झपाट्यानं उतरला.

मैनाला जी सुई दिली ती तापात दिली, जंतू अंगात असताना. कुंदाला ही द्यायची ती ताप नसताना, साथ नसताना. थंडीत. आता. पुढच्या उन्हाळ्याच्या आत दोन टोचण्या होऊन जायला हव्यात, तिसरी नंतर. उशीर केलास तर मग साथीचे दिवस येतील आणि तेव्हा तुझी भीती खरी असेल.

आंबेनळीच्या त्या पोरीचं मी तुला लिहिलं होतं. तेही वाचलं असशील.

माझं ऐकू नकोस. मी सांगते म्हणून तर नकोच. गंगाधररावांचं पत्र सोबत जोडलं आहे. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं, सही त्यांची आहे. तुमच्या डॉक्टरांना ते दाखव आणि त्यांना विचार. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. नाव परत घाल.

अक्का


पोलादपूर
२९ जानेवारी १९६१

विनू,

तुझं कार्ड मिळालं. साडेतीन वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. बदललेलं नाही.

"रविवार १९ फेब्रुवारी, सकाळी दहा. लस हे घेऊन येतील. टोचायला तू यायचंस." एवढंच आहे. का, ते लिहिलेलं नाहीस.

मी आदल्या शनिवारच्या गाडीनं निघते. डॉक्टरांनी रजा दिली आहे. माझी सिरिंज घेऊन येते. तुमच्या घरी पुन्हा वीस मिनिटं उकळेन.

अक्का


पोलादपूर
२३ फेब्रुवारी १९६१

विनू,

सोमवारी इथे पोचले. तुमच्या घरात जे बोलता आलं नाही ते लिहिते.

दार मैनानं उघडलं. मी तिला ओळखलं, तिनं मला ओळखलं नाही. "आईऽ, कोणीतरी बाई आल्यात," म्हणाली आणि वळून आत गेली. बुटाच्या पट्ट्यांचा आवाज होतो, हे मला कोणी लिहिलं नव्हतं. डावा पाय ती कमरेतून उचलून टाकते. आठ वर्षांच्या मुलीच्या मानानं झपझप चालते.

तू म्हणालीस, "हात धू." मी धुतले. कुंदा खाटेवर होती. मी ताप पाहिला, अर्ध्या तासानं पुन्हा पाहिला, मग आणखी एकदा. घसा पाहिला. शेजारी कोणाला ताप आहे का ते विचारलं. तू भिंतीला टेकून उभी होतीस. म्हणालीस, "तेव्हा एकदाच पाहिला होतास." मी हो म्हणाले.

अवधूतरावांनी थर्मासातून बर्फातली कुपी काढून दिली. मी भरली. विचारलं, "दंडात देऊ की मांडीत?" तू म्हणालीस, "तूच ठरव. तेव्हा ठरवलंस तसं." अवधूतराव म्हणाले, "विनू, पुरे." तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस.

मी दंडात दिली. उजव्या. कुंदा रडली आणि लगेच थांबली. तू तिला उचललंस आणि मला म्हणालीस, "माफ केलं असं समजू नकोस. कोणीही नर्स टोचून गेली असती. मला तुला हे करताना बघायचं होतं."

तू बघितलंस. माझा हात हलला नाही. तुला त्याचाच जास्त राग आला असेल. तो हलायला हवा होता असं मलाही वाटतं. पण मूल समोर असताना तो हलत नाही. तेव्हाही हलला नव्हता.

मग तू कुंदाला घेऊन स्वयंपाकघरात गेलीस आणि अवधूतराव थर्मास परत द्यायला गेले. त्या दहा मिनिटांत मैना माझ्याजवळ येऊन बसली. हे तुला माहीत नाही, म्हणून सांगायला हवं. ती म्हणाली, "तुम्ही नर्स आहात?"

"हो."

"तुम्हीच अक्कामावशी ना? मी लहानपणी तुमच्याकडे आले होते. तिथेच मला ताप आला."

"हो."

"मला पण सुई दिली होती तुम्ही?"

"तीन दिल्या होत्या."

ती विचार करत होती. मग म्हणाली, "मी रडले होते?"

मी म्हणाले, "नाही. तू अजिबात रडली नव्हतीस."

तिला ते आवडलं. "कुंदा रडली," म्हणाली. मग तिनं मला वही दाखवली. अक्षर तिरकं आहे, पण गणितं सगळी बरोबर. मी सगळी तपासली.

याहून जास्त मी तिला काही सांगितलेलं नाही. ती हुशार आहे, एक दिवस पुढचं विचारेल. तुला विचारलं तर तुला वाटेल ते सांग. मला विचारलं तर मी खरं सांगेन. तू नको म्हणालीस तरी सांगेन. हे आधीच कळवून ठेवते.

उतरताना जिन्यात मला बसावं लागलं. तुमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंनी पाणी दिलं. तिथे बसून मी रडले असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. बसले होते, एवढंच. मग गाडीची वेळ झाली.

कुंदाच्या दंडाला थोडी सूज येईल, दोन दिवसांत उतरेल. चोळू नका. ताप आला तर अंगावरचे कपडे कमी करा आणि डॉक्टरांना बोलवा. दोन्ही हात आणि दोन्ही पाय पंधरा दिवस रोज बघ. मी सांगितलं नसतं तरी तू बघितले असतेस.

दुसरी टोचणी महिन्यानं, एकोणीस मार्चला. तोही रविवारच आहे. मी यायला नको असेल तर कळव.

काही कळवलं नाहीस तर मी येईन.

अक्का